घारापुरीची लाँच : तिकीट आहे, वाहक नाही

आधी निकाल सांगतो, कारणं मागून. बेटाला पाचपैकी पाच. लेण्यांना पाच, जास्त देता आले असते तर दिले असते. जेवणाला चार. लाँचला अडीच, आणि त्यातला अर्धा सारंगाचा, कारण त्यानं बोट धक्क्याला इतकी अलगद लावली की उभी असलेली माणसंसुद्धा हलली नाहीत.

मी एसटीत वाहक होतो, उरण आगार. निवृत्त झालो तरी दुसऱ्याच्या गाडीत बसलं की नजर आधी तिकिटाकडे जाते, मग दाराकडे, मग सुट्ट्या पैशांकडे. हे परीक्षण त्या नजरेचं आहे. शिल्पांवर लिहिणारे विद्वान पुष्कळ आहेत. मी प्रवासी कसा चढला, कसा उतरला आणि मधल्या वेळात त्याला कुणी काही सांगितलं का, एवढं बघतो.

घारापुरी मुंबईत आहे असं मुंबईकरांना वाटतं, कारण लाँच गेटवेवरून सुटते. बेट उरण तालुक्यातलं आहे, जिल्हा रायगड. उरणजवळच्या मोरा बंदरापर्यंतची बसफेरी असली की धक्क्यावर चहा पिताना ते समोर दिसायचं, दोन टेकड्या आणि मध्ये खोलगट. शेतबंदर, राजबंदर, मोराबंदर अशी तीन गावं आहेत, ग्रामपंचायत आहे. समोर न्हावा-शेव्याच्या बंदरात रात्रभर लख्ख दिवे जळायचे आणि बेटावर संध्याकाळी काही तास जनरेटर चालायचा, मग अंधार. कायमची वीज आली फेब्रुवारी २०१८ मध्ये, समुद्राखालून साडेसात किलोमीटर केबल टाकून. जागतिक वारसा यादीत नाव लागलं होतं १९८७ साली. मधली एकतीस वर्षं जगाचा वारसा रॉकेलच्या चिमणीवर होता, हे आमच्या उरणकडच्यांना पाठ आहे.

बरोबर सौ. होती आणि पुतणी. सौ. जिल्हा परिषदेच्या शाळेत होती, विज्ञान शिकवायची. निवृत्तीच्या पैशातून तिनं पहिली वस्तू घेतली ती दुर्बीण. पुतणी पुण्याला डेक्कन कॉलेजात पुरातत्त्व शिकते. दोघींना बेट वेगवेगळ्या कारणांनी बघायचं होतं. मला बोट बघायची होती.

गेटवेवरची रांग चांगली चालते. तिकीट खिडकीवर रोख आणि फोन दोन्ही घेतात, जाण्या-येण्याचं एकच तिकीट देतात, ते परतीला दाखवायचं म्हणून जपून ठेवा असं ओरडून सांगतात. इथवर शाबासकी. बोट सुटली की एक पोऱ्या येतो आणि वरच्या मजल्यावर बसलेल्यांकडून माणशी वेगळे पैसे घेतो. पावती मागितली. तो माझ्याकडे असा बघत राहिला की मी त्याची किडनी मागितली असावी. आमच्या खात्यात तिकीट न देता पैसे घेतले आणि मार्ग तपासणीवाले चढले तर घरी बसायची पाळी यायची. पैशांचं मला काही नाही, वरची हवा त्या किमतीला महाग नाही. पण मग खिडकीवरच दोन दर लावा.

लाइफ जॅकेट सगळ्यांना देतात. १८ डिसेंबर २०२४ ला घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीवर नौदलाची वेगवान बोट आदळली, माणसं गेली, तेव्हापासून याची सक्ती आहे. देतात हे खरं, घालायला लावत नाहीत. आमच्या बोटीत अर्ध्या लोकांनी फोटोसाठी काढून ठेवली आणि उरलेल्यांतल्या बऱ्याच जणांनी खाली घेऊन वर बसकण मारली. बंध कसे बांधायचे हे एकानंही दाखवलं नाही. एका आजींचं जॅकेट सौ.नं बांधून दिलं, तर शेजारच्या तीन बायका 'आमचंही बघा' म्हणून उठून आल्या. लोक ऐकायला तयार असतात. सांगणारा हवा.

आता शेव-गाठ्यांचं. थंडीत गेलात तर बोट सुटल्यापासून पांढरे पक्षी मागे लागतात. आपण सरसकट सीगल म्हणतो, मराठीत कुरव. हे पाहुणे आहेत. त्यातले तपकिरी डोक्याचे लडाख आणि त्यापलीकडच्या उंच सरोवरांवर घरटी करतात आणि हिवाळ्यात खाली समुद्रावर येतात, असं सौ.नं सांगितलं, थंडीत डोकं तपकिरी दिसत नाही, कानामागे नुसता एक डाग राहतो, तो तिनं दुर्बिणीतून दाखवलाही. इतक्या लांबून उडत आलेल्या या पाहुण्याला आपण काय देतो? तेलात तळलेले, मीठ-मसाल्याचे गाठ्ये. बोटीतच पुडे मिळतात. पुडा संपला की प्लास्टिक कठड्यावरून खाली. कुरव अंगावर येईपर्यंत हात वर धरायचा, किंचाळायचं, रील काढायचं. बोटीचा अख्खा मागचा भाग याच उद्योगात होता, आणि पुडे विकणारा तोच पोऱ्या, वरच्या मजल्याचे पैसे घेणारा.

सौ. गप्प बसणारी नव्हे. एका लहान मुलाला तिनं विचारलं, "बाळा, तो मासे पकडतो. तू त्याला शेव दिलीस तर तो मासे पकडायचं सोडेल ना?" मुलाला पटलं. वडिलांना नाही पटलं. "मॅडम, पैसे देऊन घेतलंय." या उत्तरावर माझ्याकडेही काही नव्हतं, कारण माणूस खरं बोलत होता. बोटीवर जे विकलं जातं ते चालतं असंच प्रवासी धरणार. चालत्या गाडीत फटाके विकायला ठेवून वर 'धूम्रपान करू नये' अशी पाटी लावली तर दोष कुणाचा?

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगतो. याच पाण्यात, थोडं उत्तरेला, ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य आहे. २०१५ ला जाहीर झालं, सुमारे १७ चौरस किलोमीटर, आणि २०२२ मध्ये जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेलं. ऐरोलीला वन विभागाच्या कांदळवन (म्हणजे खारफुटी) कक्षाचं केंद्र आहे, तिथून पक्षी बघायला बोट निघते. सौ. मला तिथे ओढून घेऊन गेली होती. त्या बोटीत एक माणूस उभा राहून बोलत होता: हा कुठला पक्षी, आवाज का करायचा नाही, ओहोटीला इथे काय होतं. चाळीस माणसं शाळेतल्यासारखी बसली होती आणि कंटाळली नव्हती. म्हणजे मुंबईच्या खाडीत वाहक असलेली बोट चालते, प्रवासी नाराज होत नाहीत. घारापुरीच्या लाँचवर तासभर माणसं रिकामी बसलेली असतात. वाटेत नौदलाच्या बोटी, मग जवाहर द्वीपाच्या तेलाच्या टाक्या, लांबवर अटल सेतू, आणि सांगायला चिटपाखरू नाही.

बेटाचा धक्का लांब आहे. उतरल्यावर पायऱ्यांपर्यंत जायला छोटी आगगाडी असते, पोरांसाठी ठीक. तिच्यात बसू नका. ओहोटीच्या वेळी हा रस्ता चाललात तर तिकिटाचे निम्मे पैसे तिथेच वसूल होतात. दोन्ही बाजूंना चिखल उघडा पडलेला असतो, कडेनं खारफुटीची झाडं, तिवरं आणि चिपी, चिखलातून वर आलेली त्यांची श्वासाची मुळं. कठड्याशी शांत उभं राहा, लगेच काही दिसणार नाही. मग चिखल हलायला लागतो. निवट्या. मासा असून चिखलावर परांवर चालतो, उड्या मारतो, दोघे समोरासमोर आले की पाठीवरचा पंख उभारून भांडतात. आमच्या उरणला निवट्यांचं कालवण करतात, त्यामुळे मी त्यांना ताटात पुष्कळ भेटलो होतो. त्यांचं भांडण एवढ्या निवांतपणे बघितलं नव्हतं. बाजूला एक नांगी मोठी आणि एक चिमुकली असे खेकडे, मोठी नांगी वरखाली हलवत मादीला बोलावणारे. सौ.नं तिथे इतका वेळ काढला की पुतणी दोनदा परत येऊन बघून गेली.

आणि आगगाडी भरभरून आमच्या शेजारून जात होती. एकही डोकं चिखलाकडे वळलं नाही.

त्या चिपींकडे बघताना मला २०१० चा ऑगस्ट आठवला. ७ तारखेला बंदराच्या तोंडाशी एमएससी चित्रा आणि खलिजिया या दोन जहाजांची टक्कर झाली. शेकडो टन तेल पाण्यात गेलं, कंटेनर तरंगत किनाऱ्यांना लागले. उरणच्या कडेची, घारापुरीची, अलिबागकडची तिवरं काळी झाली, मुळांवर तेलाचा लेप. माझ्या गाडीत तेव्हा कोळणी रिकाम्या टोपल्या घेऊन परत यायच्या, कारण मासळी कुणी घेत नव्हतं. झाडाच्या मुळानं श्वास घ्यायचा असतो हे मला तेव्हा कळलं, कारण वास पार बसमध्ये यायचा आणि एक मास्तर रोज तेच समजावून सांगायचे. महाराष्ट्रात खारफुटी तोडायला बंदी घालणारा उच्च न्यायालयाचा आदेश २००५ चा, कांदळवन कक्ष २०१२ चा. कुऱ्हाडीला कायदा थांबवू शकतो. तेल मात्र वाऱ्याबरोबर हवं तिथे जातं, आणि हे बेट तर तेलाची जेटी, कंटेनरचं बंदर आणि मासेमारी यांच्या बरोबर मधोमध बसलेलं आहे.

पायऱ्या शंभर-सव्वाशे. दोन्ही बाजूंना दुकानं, वर ताडपत्र्या, त्यामुळे ऊन लागत नाही. टोप्या, माळा, दगडाचे छोटे हत्ती, कैऱ्या, काकड्या. दुकानदार मागे लागत नाहीत हे लिहून ठेवतो, कारण बाहेर तसं पसरवलेलं आहे. मोठा दगडी हत्ती आता इथे नाही. १८६४ मध्ये तो इंग्लंडला न्यायला उचलला तेव्हा साखळी तुटली आणि त्याचे तुकडे झाले. १९१४ मध्ये ते जोडले आणि आज तो भायखळ्याला राणीच्या बागेत भाऊ दाजी लाड संग्रहालयाशेजारी उभा आहे.

माकडांबद्दल सगळे घाबरवतात. माकडं आहेत, धीट आहेत आणि त्यांना बाटलीचं झाकण उघडता येतं. एकानं आमच्यादेखत एका तरुणीच्या हातातली नारिंगी शीतपेयाची बाटली घेतली, झाकण फिरवलं, प्यायला, रिकामी बाटली दरीत टाकली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या दरीत वाकून बघा. माकडांनी टाकलेल्या आणि माणसांनी टाकलेल्या बाटल्या वेगळ्या ओळखू येत नाहीत. आपल्याकडे खाद्य न दिसता चालत राहिलं की माकडं ढुंकूनही बघत नाहीत. आमची पिशवी बंद होती, कुणी हात लावला नाही.

लेण्यांच्या दाराशी वेगळं तिकीट, भारतीयांना ४० रुपये. आत शिरल्यावर मात्र मला माझा माणूस भेटला. खाकी कपड्यातला पहारेकरी, गळ्यात शिट्टी. गाभाऱ्याच्या द्वारपालाच्या पायाला टेकून कुणी फोटो काढायला गेला की शिट्टी. खांबाला हात लावला की शिट्टी. फ्लॅश मारला की नुसतं बोट. राग नाही, अपमान नाही, दिवसभर तेच. एवढ्या गर्दीत दगडाला हात लागत नाही याचं श्रेय त्या एका शिट्टीचं आहे. लाँचवर हाच हवा होता.

लेणं क्रमांक एक सुमारे ३९ मीटर लांब-रुंद, सहाव्या शतकाच्या मध्याचं मानतात. बांधलं कुणी यावर एकमत नाही. बेटावर कलचुरी राजा कृष्णराजाची नाणी सापडली म्हणून कलचुरींचं नाव पुढे आहे, कोकणच्या मौर्यांचंही घेतात. पुलकेशी दुसऱ्याच्या ऐहोळेच्या शिलालेखात, इ.स. ६३४ च्या, शेकडो नौका घेऊन पश्चिम समुद्राची लक्ष्मी असलेल्या 'पुरी'वर चाल केल्याचं कोरलंय. ती पुरी हीच असं काही म्हणतात, काही जंजिऱ्याजवळची राजपुरी म्हणतात. पुतणीला विचारलं तर म्हणाली, "काका, तुम्ही उरणचे, तुम्ही घारापुरीच म्हणणार." म्हणणारच.

समोरच्या भिंतीतली ती प्रचंड मूर्ती, साडेपाच मीटरच्या आसपास, तिच्यापुढे एक गाईड वीसेक माणसांना सांगत होता की हे ब्रह्मा, विष्णू, महेश. पुतणी कळवळली, पण बोलली नाही. माणसाच्या पोटावर पाय देऊ नये हे तिला कळतं. तो गट गेल्यावर तिनं आम्हाला उभं केलं. तिन्ही तोंडं शिवाचीच. पाच मुखांचा सदाशिव, त्यातली तीन दिसतात. आपल्या डाव्या हाताचा तो मिशीवाला, रागावलेला, नाग धरलेला अघोर. उजवीकडचा नाजूक, हातात कमळ, तो वामदेव, जवळजवळ बाईचा चेहरा. मधला मिटल्या डोळ्यांचा. "आता डावीकडे बघा, अर्धनारी. उजवीकडे गंगाधर." म्हणजे डावा-उजवा सगळा हिशोब भिंतभर चालू आहे, एकटी मूर्ती वाचायची नाही. मी मधल्या चेहऱ्याकडे बघत बसलो. नोकरीत हजारो चेहरे बघितले, इतक्या निवांत चेहऱ्याचा प्रवासी एकही नव्हता.

थोडं पश्चिमेला गेलं की लग्न लागलेलं दिसतं, कल्याणसुंदर. पार्वतीची मान अशी झुकलेली की हाताखालचा सगळा दगड लाजतोय. हात-पाय बऱ्याच मूर्तींचे गेलेत. खांबही काही मूळचे नाहीत. गेल्या शतकात डागडुजी करताना पुन्हा उभे केलेले आहेत. जवळून बघितलं की दगडाचा पोत वेगळा कळतो. पुतणीला हे लपवलेलं नाही याचंच कौतुक: "नवा खांब जुना दिसायला नको. खोटं वय सांगणं झालं ते." बाकीची, दोन ते पाच क्रमांकांची लेणी अर्धवट आणि पाझरलेली आहेत, पाच मिनिटांत होतात.

तोफा बघायला वर टेकडीवर सगळे जातात. जा, नजारा चांगला आहे. तोफांवर चढणारी पोरं खाली उतरवायला तिथे शिट्टी नाही.

आता असं ठिकाण, जिथे जवळजवळ कुणी जात नाही. पूर्वेची टेकडी. तिला स्तूपाची टेकडी म्हणतात, कारण तिथे विटांच्या बौद्ध स्तूपाचा ढिगारा आहे, शैव लेण्यांच्या कितीतरी आधीचा. वाट मुख्य लेण्यांपासून दरीला वळसा घालून जाते. आधी लागतं सहावं लेणं, सीताबाईचं देऊळ म्हणतात. पोर्तुगीजांनी शेवटच्या काळात तिथे चर्च केलं होतं. मग सातवं, अपुरं सोडलेलं. पुढे कोरडा तलाव, काठाला खोदीव टाकी, आणि टोकाला उंचवटा. माहीत नसेल तर त्याला वळसा घालून परत याल आणि काही बघितलं असं वाटणार नाही. आमच्याही पुढे एक जोडपं 'इधर कुछ नहीं है' म्हणत परत फिरलं. पुतणी मात्र तिथे चप्पल काढून उभी राहिली. पहिल्यांदा इथे बुद्धाची माणसं आली, व्यापाऱ्यांच्या गलबतांबरोबर. शिव मागून आला. मोराबंदरच्या किनाऱ्याला रोमन मद्यकुंभांची, अँफोरांची खापरं सापडलेली आहेत. भूमध्य समुद्रातून दारू इथे उतरत होती. न्हावा-शेव्याचं बंदर १९८९ चं, त्याच्या समोरच्या किनाऱ्यावर दोन हजार वर्षांपूर्वीचा माल पडलेला आहे. ही गोष्ट लाँचवर माइकवरून सांगितली तर गाठ्यांचा एक पुडा विकला जाणार नाही, अशी माझी पैज आहे.

खाली उतरताना पायवाटेत पुतणीला एक खापर दिसलं. लालसर, कडेला एक रेघ. तिनं वाकून बघितलं, फोटो काढला, हात लावला नाही. मी म्हटलं, घे की, नाहीतर कुणीतरी तुडवेल. "काका, ते कुठे पडलंय तीच त्याची माहिती. माझ्या टेबलावर गेलं की ते नुसतं मडकं." रीत म्हणून सांगतो, कायद्यानंही उचलता येत नाही. १९८५ मध्ये सगळं बेट आणि किनाऱ्यापासून एक किलोमीटरपर्यंतची हद्द प्रतिबंधित म्हणून जाहीर झालेली आहे. म्हणजे धक्का यायच्या बऱ्याच आधी लाँच त्या हद्दीत शिरते. माझी सूचना तिथलीच आहे: ती हद्द लागली की घंटा द्या. डबल नव्हे, एकच, थांबायची. इंजिन हळू करा आणि दोन मिनिटं बोला. गाठ्ये आत, जॅकेट अंगात, माकडाला बाटली दाखवू नका, खापर उचलू नका, ओहोटी असेल तर चालत जा. दोन मिनिटांत मावतं. मी स्वारगेटपर्यंत याहून मोठी भाषणं केलेली आहेत.

जेवलो राजबंदरच्या बाजूला एका घरगुती खानावळीत. तांदळाची भाकरी, बोंबील, कालवांचं सुकं, सोलकढी. बोंबील ताजे, रवा पातळ, आतून मऊ. कालवं त्याच दगडांवरची, सकाळी फोडलेली. एक तारा कापला कारण पाणी बाटलीतलंच मिळालं आणि रिकामी बाटली कुठे टाकायची विचारल्यावर "राहू दे तिथंच" असं उत्तर आलं. मावशी बोलक्या होत्या. मी उरण आगाराचा म्हटल्यावर भाकरी जास्तीची आली. त्या म्हणाल्या, "दादा, दगडाला हात लावायचा नाय, झाडाला लावायचा नाय, बरोबर हाय. पन आमच्या पत्र्याला भोक पडला तरी इचारायला लागतं." संरक्षणाचा सगळा भार तीन गावांवर, आणि जे रोज हजारानं येतात त्यांना साधं सांगायचंही नाही, हा हिशोब मला जुळवता आला नाही. २०१८ च्या सुमारास शिवडीहून बेटापर्यंत आठेक किलोमीटरच्या रोपवेचा गाजावाजा झाला होता. मावशींना विचारलं तर हसल्या. "वरून येतील, वरून जातील. जेवतील कुठं?"

परतीच्या लाँचला गर्दी होते, शेवटची संध्याकाळी साडेपाचच्या आसपास. पर्यटकांना मुक्कामाची सोय नाही, त्यामुळे ती चुकवू नका. चारच्या सुमारास निघालात तर बसायला मिळतं. शौचालयं धक्क्याजवळची लेण्यांजवळच्यापेक्षा बरी. ग्रामपंचायतीची छोटी पावती बेटावर उतरल्यावर वेगळी फाडतात, त्यासाठी सुटे ठेवा, आणि तिला कुरकुर करू नका, दिवसभरातली सगळ्यात चोख पावती तीच होती. जायच्या आदल्या दिवशी भरती-ओहोटीची वेळ बघून ठेवा. उधाणाच्या दिवसांत पाणी जास्त मागे हटतं, चिखल लांबवर उघडा पडतो, निवट्या जास्त दिसतात. पूर्वेच्या टेकडीसाठी तासभर वेगळा राखा, पाण्याची आपली स्टीलची बाटली न्या. सोमवारी लेणी बंद असतात.